स्वाइन फ्लू : नाव डुकराचं, खोकला माणसाचा

पावसाने जोर धरला आणि ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या प्रश्नांत निम्मे स्वाइन फ्लूचेच निघाले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

सोसायटीमागच्या नाल्यात डुकरं फिरतात. स्वाइन फ्लू पसरू नये म्हणून ती उचलावीत, असा अर्ज महापालिकेला करतोय. डॉक्टर म्हणून तुमची सही मिळेल का? (घणसोली)

अर्ज जरूर करा, पण घाणीसाठी करा. स्वाइन फ्लूचं कारण लिहिलंत तर सही मिळणार नाही.

डुकराचा संबंध आहे, पण तो या विषाणूच्या जन्मापुरता. फ्लूच्या विषाणूत जनुकांचे आठ सुटे तुकडे असतात. डुकराला त्याचा स्वतःचा फ्लू होतो, माणसाचा होतो आणि पक्ष्यांचाही होतो. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत घुसले की तुकड्यांची सरमिसळ होते आणि त्या खिचडीतून एखादा नवाच विषाणू बाहेर पडतो. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत ओळखला गेलेला एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, असाच जन्मला. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि रातोरात दुकानांतले मास्क संपले, ते दिवस अनेकांना आठवत असतील. ऑगस्ट २०१० मध्ये महासाथ संपली, विषाणू मात्र इथेच राहिला. आज तो माणसाकडून माणसाला होणारा नेहमीचा हंगामी फ्लू आहे. नाव तेवढं डुकराला चिकटलं.

ठाण्याच्या एका वाचकाने सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, खावं का, असं विचारलंय. नीट शिजवलेलं बिनधास्त खा. मांस खाऊन हा आजार होत नाही.

मी रोज कळव्याहून लोकलने सीएसएमटीला जाते. डब्यात कोणी खोकलं तर किती लांब उभं राहावं? (कळवा)

बाई, सकाळी आठच्या लोकलमध्ये लांब उभं राहायला जागा सापडली तर मलाही कळवा! खोकल्या-शिंकेचे मोठे थेंब साधारण एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. बारीक कण मात्र बंद हवेत बराच वेळ तरंगत राहतात. पावसाळ्यात खिडक्या गच्च लावलेला डबा त्यांना आयताच मिळतो. चार बोटं खिडकी उघडी ठेवा, बाही थोडी भिजली तर भिजू द्या.

दुसरा रस्ता हाताचा. शेजारणीने तळहातावर शिंक घेतली आणि त्याच हाताने वरची कडी धरली. मुलुंडला ती उतरली, कडी तुमच्या हातात आली. भांडुपला तुम्ही नाक खाजवलंत. झालं! स्टीलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवसही तग धरू शकतो. पण तो हाताच्या कातडीतून आत शिरत नाही, त्याला नाक, तोंड किंवा डोळा लागतो. म्हणून ऑफिसात पोचल्यावर चहाच्या कपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. त्याचं बाहेरचं स्निग्ध आवरण साध्या साबणानेही फुटतं.

यातली अडचण अशी की लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवू लागतो आणि पुढे पाच-सात दिवस पसरवतो. लहान मुलं त्याहून जास्त दिवस. त्यामुळे नुसतं खोकणाऱ्यावर लक्ष ठेवून भागत नाही, गर्दीत मास्क लावा. हनुवटीवर ओढलेल्या मास्कने हनुवटीचंच रक्षण होतं, हेही सांगून ठेवतो. माझा खरा राग आहे तो तापाची गोळी घेऊन ‘आज मीटिंग आहे’ म्हणत गाडी पकडणाऱ्यांवर. गोळीने ताप उतरतो, विषाणू पसरायचा थांबत नाही.

मुलाला दोन दिवस ताप-खोकला आहे. डॉक्टर टेस्ट लिहून देत नाहीत. दुर्लक्ष करतायत का? (घोडबंदर रोड)

मूल खेळतंय, पाणी पितंय, श्वास नीट आहे, तर टेस्ट न लिहिणं हे दुर्लक्ष नव्हे. सौम्य आजारात रिपोर्टने उपचार फारसे बदलत नाहीत. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, ६५ च्या पुढचे आणि मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांच्या बाबतीत मात्र उलट धोरण. तिथे डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करतात, कारण ते पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन तर कधीच नको.

कापूर-वेलचीची पुडी गळ्यात बांधली तर? (वाशी)

सुवास छान येतो.

गेल्या वर्षी लस घेतली होती. पुन्हा कशाला? (नेरुळ)

कारण विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही बदलते. शिवाय लसीने आलेली ताकद काही महिन्यांत ओसरते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्च असा दोनदा डोकं वर काढतो. लसीचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा ती पाऊस सुरू होण्याआधी घेतलेली बरी. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. हात मात्र दुखतो.

आमची दीड खोली. नवऱ्याला एच१एन१ निघालाय, सासूबाई ७२ वर्षांच्या, त्यांना मधुमेह. वेगळी खोली कुठून आणू? (कोपरखैरणे)

खोली नसेल तर खिडकी वापरा. नवऱ्याचं अंथरूण खिडकीशी, सासूबाईंचं दाराशी, तेही एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांकडे येईल असं. मास्क आधी नवऱ्याने लावायचा. ताट-पेला घासायच्या साबणाने स्वच्छ होतो, टॉवेल आणि रुमाल मात्र वेगळे. सेवा तुम्ही एकट्यांनीच करा. तापाची गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच त्यांना कामावर जाऊ द्या.

सासूबाईंना धाकट्या दिराकडे पाठवायचा विचार असेल आणि तिथे तान्हं बाळ असेल, तर थांबा. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस जातात. त्यांना लागण झालीही असेल. त्यापेक्षा आजच डॉक्टरांना भेटून त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषधाचं विचारा. नवऱ्याला धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, ओठ-नखं निळसर झाली किंवा ते गुंगीत जाऊ लागले, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका, रात्रीच रिक्षा करा.