पेनाने लिहिलेली नोट बाद होते का?

प्रश्न : माझ्याकडील ५०० रुपयांच्या नोटेवर कोणीतरी निळ्या शाईने हिशेब मांडला आहे. दुकानदार ती घेत नाही. ती बाद झाली का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. अशा लिखाणाने नोट बाद होत नाही, हे जानेवारी २०२३ मध्ये सरकारी पातळीवरूनही स्पष्ट करण्यात आले असून, दुकानदार अडून बसल्यास ती बँकेत भरावी. मात्र राजकीय घोषणा वा संदेश लिहिलेल्या नोटेच्या बदल्यात पैसे मागण्याचा दावा २००९ च्या नोट परतावा नियमांनुसार फेटाळला जातो. लिहिल्याने नोटेचे आयुष्य घटते, म्हणून रिझर्व्ह बँकेचे ‘स्वच्छ नोट धोरण’ तसे न करण्याची विनंती करते. गंमत अशी, की जलचिन्हाच्या (वॉटरमार्क, नोट उजेडात धरल्यावर दिसणारे चित्र) कोऱ्या जागेवर गड्डीतील नोटांची संख्या लिहिण्याची खोड बँकांच्या रोखपालांनाही होती, आणि ती सोडण्याची सूचना रिझर्व्ह बँकेला बँकांनाच द्यावी लागली.