विडी सोडली म्हणून आतडं सुजलं?

प्रश्न : मिस्टरांचं वय ५२, आमची द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षी त्यांनी विडी सोडली. काही महिन्यांत शौचातून रक्त आणि आव पडू लागली. मिरजेत दुर्बिणीने तपासलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण, निघाला. त्यावरचं मेसालामाइन हे औषध चालू आहे. दीर म्हणतात, विडी सोडल्यानंच झालं, रोज दोन ओढ. मुलानं वाचलंय की विसरण्याच्या आजारावरची गोळी आतड्याची सूज उतरवते. ती मागावी का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, दिरांचं निरीक्षण खरं आहे, सल्ला मात्र घातक आहे. हा आजार धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त दिसतो आणि विडी-सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही वर्षांत बऱ्याचदा डोकं वर काढतो. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजारात नेमकं उलटं, तिथे धुरानं दुखणं वाढतं.

मेंदूकडून पोटाकडे व्हेगस नावाची नस येते. तिच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन पाझरतं. २००० साली अमेरिकेत केविन ट्रेसी यांच्या गटानं उंदरांमध्ये ही नस विजेनं चेतवली, तेव्हा सूज पेटवणारं टीएनएफ हे प्रथिन कमी झालं. २००३ मध्ये उमगलं की प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच्या अल्फा-७ नावाच्या ग्राहीतून, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेतून, हा निरोप पोचतो. तंबाखूतलं निकोटिनही तिथेच चिकटतं.

म्हणून निकोटिनची पट्टी माणसांवर तपासली गेली. १९९४ च्या ब्रिटिश चाचणीत ७२ रुग्ण होते. पट्टी लावलेल्या ३५ पैकी १७ जणांची लक्षणं पूर्ण गेली, औषध नसलेल्या खोट्या पट्टीच्या ३७ पैकी ९ जणांची. मळमळ, डोकेदुखी, गरगरणं मात्र पट्टीवाल्यांत जास्त. पुढच्याच वर्षी, आजार आटोक्यात ठेवायला पट्टी उपयोगी पडते का ते पाहिलं, तर खोट्या पट्टीपेक्षा काहीच जास्त फायदा नव्हता. ही गोष्ट शुद्ध निकोटिनच्या मोजक्या मात्रेची. विडीच्या धुरात कर्करोग आणि हृदयविकारही येतात. मिस्टरांनी ती सोडली, फार मोठं काम केलं. पुन्हा हातात देऊ नका.

मुलानं वाचलेली गोळी बहुधा गॅलँटामिन असावी. ती ॲसिटिलकोलिन मोडू देत नाही. उंदरांच्या कोलायटिसमध्ये तिचा उपयोग दिसलाय, पण माणसांच्या कोलायटिसवर ती मान्य उपचार नाही. ॲसिटिलकोलिन शरीरात फार साठलं तर काय होतं, हे द्राक्षपट्ट्यात वेगळं सांगायला नको. ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं हेच करतात : तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, जुलाब, मंद नाडी, शेवटी श्वास अडतो. म्हणून फवारणीला मिस्टरांनी शक्यतो उतरूच नये. उतरले आणि नंतर जुलाब लागले, तर कोलायटिस उलटला असं घरीच ठरवू नका. दवाखान्यात जा, फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्या.

एक काळजी मला जास्त वाटते. पोटात कळ आली की आपल्याकडे मेडिकलमधून डायसायक्लोमिनची गोळी आणतात. ती ॲसिटिलकोलिनला अडवते. कोलायटिस जोरात असताना तिनं मोठं आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडनंही हाच धोका असतो. या दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मेसालामाइन बरं वाटलं म्हणून बंद करू नका. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप, जोरात धडधड किंवा पोट फुगलेलं असेल, तर सकाळची वाट न बघता मिरज गाठा.