जिल्हा परिषद शाळांमधली मुलांची सततची गैरहजेरी कशी कमी करता येईल?

कुठल्या मुलांची, ते आधी सांगा. माझी नोकरी बीड जिल्ह्यात झाली. तिथे दिवाळी उरकली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर ट्रकात बसून ऊसतोडीला जातो आणि मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परत येतो.

यावर उपाय आहे, हंगामी वसतिगृह. मूल गावातच आजीपाशी राहतं, जेवणाचं शाळा व्यवस्थापन समिती बघते. फक्त ट्रक हलायच्या आत चूल पेटायला हवी. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, कोण जाणार हे ऑगस्टमध्ये सगळ्या गावाला पाठ असतं. ऑफिसला तेवढं कळत नाही.

पाचवीत एक मुलगी होती, गणितात माझ्या पुढे धावणारी. आई म्हणाली, "गुरजी, दोन टायमाच्या जेवणाचं नक्की सांगा, ठिवते म्हातारीपशी." मी काय नक्की सांगणार? प्रस्ताव वेळेत गेला होता, मंजुरी गाड्या गेल्यावर आली. पोरगी कर्नाटकात अथणीकडे गेली. हातात शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, ते दाखवून जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून, पण फडाजवळची शाळा कानडी. मग कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायच्या.

आणि जानेवारीच्या बैठकीत साहेब सगळ्यांदेखत विचारतात, "तुमची उपस्थिती एवढी कमी का? पालकभेटी घेत नाही का?" मी म्हणालो, "पालक अथणीला आहेत, प्रवासभत्ता मंजूर करा, उद्याच जातो." त्यावर मला नोटीस मिळाली.

प्रभातफेऱ्या, घोषणा, बक्षिसं यांनी काडीचा फरक पडत नाही. मागास घटकांतल्या गरीब मुलींना रोज 1 रुपया उपस्थिती भत्ता 1992 साली ठरला. त्या रुपयासाठी कोण पोरगी मागे ठेवणार?

बाकी शहरातल्या मनपा शाळांचं मला सांगता येणार नाही. खोटी नावं घालून वसतिगृहं चालवणारेही आहेत, आणि अंगावरचं पोर सांभाळायला कारखान्यावर पाळणाघर नसेल तर मोठ्या बहिणीला नेणारच, वसतिगृह असो नसो.

तुम्ही शिक्षक असाल तर प्रस्ताव जुलैतच द्या आणि पोच घ्या. आणि ते साहेब हे वाचत असतील तर, त्या पोरीच्या घरची पालकभेट ऑगस्टमध्येच झाली होती. रजिस्टरला आईचा अंगठा आहे.