बिसफॉस्फेट की डायफॉस्फेट?

प्रश्न असा आलाय की जुन्या पुस्तकात फ्रुक्टोज-१,६-डायफॉस्फेट असतं आणि नव्यात फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट, मग ही दोन वेगळी रसायनं का, आणि मराठीत दोन्हीला द्विफॉस्फेट म्हटलं तर चालेल का.

रसायन एकच आहे, फॉस्फेटचे दोन गट लागलेली फ्रुक्टोज साखर. पण द्विफॉस्फेट मला अजिबात पटत नाही, कारण नावातली खरी माहितीच त्यात पुसली जाते. एडीपी घ्या, म्हणजे ॲडेनोसिन डायफॉस्फेट, पेशीतल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीतला रेणू, तो डायफॉस्फेट, म्हणजे फॉस्फेटचे दोन गट एकाला एक जोडलेले, शेपटीसारखे. आपल्या साखरेत मात्र एक गट पहिल्या कार्बनवर आणि दुसरा थेट सहाव्यावर, दोन टोकांना, एकमेकांशी जोडलेलेच नाहीत. म्हणून बिस. आणि याचा उपयोग पुढे लगेच दिसतो, अल्डोलेज हे एन्झाइम या साखरेचे मधोमध दोन तुकडे करतं, तीन-तीन कार्बनचे, आणि प्रत्येक तुकडा आपापला एक फॉस्फेट घेऊन जातो! गट एकमेकांना जोडलेले असते तर अशी वाटणी झालीच नसती.

आता शब्दाची गंमत. लॅटिन बिस म्हणजे 'दोनदा', आणि त्याचा सख्खा भाऊ संस्कृतमध्ये आहे, द्विः. तो आपण रोज वापरतो, द्विरुक्ती म्हणजे द्विः अधिक उक्ती, दोनदा बोलणं. तिथला र त्या विसर्गाचाच. म्हणजे द्वि आणि द्विः हा भेद आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त 'द्विःफॉस्फेट' कोणी वाचणार नाही, म्हणून मी सरळ बिसफॉस्फेट लिहितो. हीच गोष्ट तीनची, एटीपी, म्हणजे एडीपीला आणखी एक फॉस्फेट जोडलेला, तो ट्रायफॉस्फेट, पण इनॉसिटॉल या साखरेसारख्या रेणूचा ट्रिसफॉस्फेट, कारण तिथे तीन गट वेगवेगळ्या कार्बनवर.

जुन्या नावाला नावं ठेवू नका पण. आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना यीस्टच्या रसात फॉस्फेट घातल्यावर किण्वन जोर धरतं हे दिसलं आणि त्यातून ही साखर हाती आली, हार्डनना १९२९चं नोबेल किण्वनावरच्या कामासाठीच मिळालं. तिला हार्डन-यंग एस्टर पण म्हणायचे.

लॅबमध्ये ही सहसा सोडियम क्षाराच्या रूपात असते, पांढरी पावडर, पाण्यात विरघळते, अल्डोलेज किती सक्रिय आहे ते मोजायला लागते. पुढची दोन एन्झाइमं जोडून एनएडीएच हा सहाय्यक रेणू किती घटतो ते ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात बघतात. नावं दोन असल्यामुळे जुने पेपर शोधताना एफडीपी (डायफॉस्फेट) आणि एफबीपी (बिसफॉस्फेट) ही दोन्ही लघुरूपं टाका. आणि २,६-बिसफॉस्फेट दिसला तर थांबा, तो वेगळा रेणू आहे, ग्लायकोलिसिसचा, म्हणजे पेशीत साखर फोडायच्या प्रक्रियेचा, वेग वाढवायचा इशारा देणारा, तिथे आकडा चुकला की अर्थच बदलतो.