शाळेत कलाकाराला आठवडाभर बोलावून मुलांना खरंच काही मिळतं का?

हो मिळतं, पण आठवडा तरी हवाच, दोन तासांच्या वर्कशॉपमध्ये नुसते फोटो निघतात. आमच्या शाळेत डहाणूकडचे एक वारली चित्रकार सहा दिवस राहिले होते. पहिले दोन दिवस त्यांनी चित्र काढूच दिलं नाही, मुलांना मैदानामागे नेलं, मुंग्यांची रांग बघा म्हणाले, माती आणली, शेणात कालवून भिंत सारवली, त्यावर गेरू, मग तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक, आणि ब्रश म्हणजे बांबूची काडी टोकाला ठेचलेली. वर्गात कधीच न बोलणारी एक मुलगी तारप्याभोवतीचा (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) नाच काढत बसली होती, दोन त्रिकोण जोडले की माणूस, एकेक करत चाळीस माणसं!! शेवटी सारवायला मुलांच्या आयाही आल्या, आणि ते बरोबरच आहे कारण लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात घराच्या भिंतीवरचं चित्र, मुळात बायकाच लिहायच्या, जिव्या सोमा म्हसेंनी (पद्मश्री २०११) १९७० च्या दशकात ही कला कागदावर जगभर नेली ते नंतरचं. फक्त एक करा, कलाकाराला शिक्षकाएवढं मानधन द्या आणि ती भिंत पुढच्या वर्षी ऑइल पेंटने रंगवू नका प्लीज.