लाल दिव्यापाशी नाचायचं की गप्प उभं राहायचं?

या महिन्यात धावण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार एकाच खांबाभोवती फिरत होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करते आहे. माझ्या वाटेत तीन हात नाक्याचा सिग्नल लागतो आणि तो सुटता सुटत नाही. थांबलं की स्नायू थंड पडतात असं आमच्या ग्रुपमध्ये सांगतात, म्हणून मी तिथे जागच्या जागी धावत राहते. परवा शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उशीर होतोय का? सोडू कुठे?" तेव्हापासून लाज वाटते. उड्या मारत राहू की थांबू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रिक्षावाल्याचं काही चुकलं नाही. भल्या सकाळी घामाघूम झालेली बाई रस्त्याकडेला पाय आपटत असेल, तर तिला एक तर गाडी हवी आहे नाहीतर बाथरूम, असंच कुणालाही वाटेल.

मी गेली पंधरा वर्षं दादर-प्रभादेवी-वरळी या पट्ट्यात धावते. बँकेत होते तेव्हा सुरू केलं, आता निवृत्त आहे. पहिली दोन वर्षं मीही सिग्नलला उड्या मारायचे. का, तर पुढे असलेला मुलगा मारायचा. तो का मारायचा? त्याच्या पुढचा कुणीतरी मारत असणार. आपल्याकडे धावण्याचं बरंचसं शास्त्र हे असंच एकाच्या पाठीवरून दुसऱ्याकडे आलेलं आहे.

स्नायू थंड पडतात म्हणे! ठाण्याच्या हवेत दीड मिनिटात कपातला चहा निवत नाही, तुमच्या मांड्या कशा निवतील? अर्धा तास धावून तापलेलं शरीर एका सिग्नलपुरतं थांबल्यानं काहीही गमावत नाही. हृदयाचे ठोके तेवढे उतरतात. माझं घड्याळ सिद्धिविनायकाच्या सिग्नलला पोचताना १४८ दाखवतं आणि मिनिटभरानं १२०च्या आसपास. हे उतरणं चांगलंच आहे. श्रम थांबल्यावर हृदय पहिल्या मिनिटात किती पटकन खाली येतं, यावरून डॉक्टरही त्याची तब्येत जोखतात. उड्या मारून तुम्ही ते उतरू देत नाही, एवढंच. बदल्यात अंतर पडत नाही, आणि पोटरीला नि नडगीला हादरे मात्र बसतात. मजा येत असेल तर खुशाल मारा, तेवढ्यानं पाय मोडत नाही. फक्त त्याला व्यायाम समजू नका आणि त्यापायी लाजूही नका.

मी काय करते ते सांगते. सिग्नल पडलेला दिसला की खांबाच्या तीस-चाळीस पावलं आधीच वेग उतरवते. धाडकन थांबत नाही (हे का, ते तिसऱ्या पत्राच्या उत्तरात येईल). मग फुटपाथच्या कडेपासून दोन पावलं मागे. तिथे येरझाऱ्या, सहा पावलं इकडे, सहा तिकडे. खांदे कानापर्यंत चढलेले असतात ते सोडून द्यायचे, मुठी उघडायच्या, पाण्याचे दोन घोट. गर्दीत येरझाऱ्यांना जागा नसेल तर नुसत्या टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या. कुणाच्या लक्षातही येत नाही.

खांबाला धरून पाय मागे ओढून उभं राहणारे पुष्कळ दिसतात. फोटोत ते छान दिसतं. पण धावणं अर्ध्यावर असताना एकेक स्नायू ताणून धरायची काही गरज नाही. उलट एकच ताण मिनिटाहून जास्त वेळ धरला तर स्नायूचा जोर थोडा वेळ कमीच होतो. ताण घरी गेल्यावर द्या, सतरंजीवर. आणि एका पायावरचा तोल जायला फुटपाथची कड ही अगदी वाईट जागा आहे.

आमच्या सिग्नलला एक सत्तरीचे गृहस्थ भेटतात. दिवा लाल झाला की ते डाव्या पायातला बूट काढतात, उलटा करून झटकतात, आत बोट फिरवून बघतात, परत घालतात आणि नाडीची गाठ दोनदा मारतात. पुढच्या सिग्नलला उजवा. मी एकदा विचारलं, खडा जातो का रोज? म्हणाले, "खडा एकदाच गेला होता. सात वर्षं झाली." सांगायचं काय, तिथे प्रत्येकाचं काहीतरी चालूच असतं. कुणी बसच्या काचेत केस सारखे करतो, कुणी आकडे मोठ्यानं मोजतो. सोमवारी रात्री उशिरा किंवा मंगळवारी पहाटे बघाल तर लांबून अनवाणी चालत सिद्धिविनायकाला निघालेली माणसंही त्याच खांबाशी थांबलेली असतात. ती मात्र नुसती उभी असतात. त्यांच्या मनगटावर घड्याळ असलं तरी ते वेळ बघायचं असतं.

आता महत्त्वाचं. दिवा हिरवा झाला की सुसाट सुटू नका. पहिली पंधरा-वीस पावलं हळू. त्याआधी डावीकडे वळणाऱ्या गाड्या बघा. डावीकडचं वळण कायम मोकळं असतं, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. खरं तर तशी पाटी किंवा बाण असेल तरच ते मोकळं, पण समजुतीनं चालणाऱ्या गाडीपुढे कायदा घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. काळ्या काचेतून चालकाचे डोळे दिसत नाहीत. तेव्हा गाडीचं पुढचं चाक बघा. चाक वळायला लागलं की समजायचं. माणूस हात एक दाखवतो आणि जातो भलतीकडे, चाक तसं करत नाही.

आणि तुम्ही समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं धावत असाल (फुटपाथ नसेल तिथे तेच बरं), तर गल्लीच्या तोंडाशी जास्त जपा. गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळणारा चालक मान उजवीकडे करून बघत असतो, कारण वाहनं तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या डाव्या हाताला असता. तुम्ही त्याला दिसलेले नसता. तो वाईट माणूस नसतो, त्याची मान दुसरीकडे असते. तिथे सिग्नल नसला तरी मी वेग कमी करते.

प्रश्न : माझ्या घड्याळात आपोआप थांबायची सोय आहे. सिग्नलला मी थांबलो की तेही थांबतं. मित्र म्हणतात ही फसवणूक आहे. मी म्हणतो, मी धावतच नव्हतो तर वेळ का मोजायची? कोण बरोबर?
— एक वाचक, वय २४, पुणे

उत्तर : दोघंही. रोजच्या धावण्यात तुम्ही, स्पर्धेच्या हिशेबात मित्र. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावासारख्या ॲपवर दोन्ही वेळा वेगळ्या दिसतात, धावत होतात ती आणि एकूण गेली ती. आपण साहजिकच मित्रांना पहिली सांगतो.

गडबड कुठे होते ते माझ्यावरूनच सांगते. माझ्या पहिल्या हाफच्या आधी दर रविवारी लांब धावायचे. वाटेत अकरा सिग्नल. घड्याळ प्रत्येक ठिकाणी थांबायचं, मला फुकटची विश्रांती मिळायची आणि आकडा मात्र सलग धावल्याचा यायचा. त्या आकड्यावर विसंबून मी घरी २ तास १५ मिनिटं जाहीर करून टाकली. स्पर्धेच्या दिवशी रस्ते बंद, एकही सिग्नल नाही, अकरा विश्रांत्याही नाहीत. पेडर रोडचा चढ आला आणि पाय शिशाचे झाले. २ तास ३४ मिनिटं. स्पर्धेत अंगावर लावलेली वेळ मोजणारी चिप तुम्ही पाणी प्यायला थांबलात म्हणून थांबत नाही. घरच्यांनी १९ मिनिटं कुठे गेली म्हणून बराच काळ विचारलं.

म्हणून आता घड्याळ चालूच ठेवते. आणखी एक : उंच इमारतींच्या मध्ये उभं राहिलं की उपग्रहाचा अंदाज हलतो आणि घड्याळाला वाटतं तुम्ही फिरताय. खांबाला टेकून उभं असताना पाच-दहा मीटर फुकट पडतात. ते मात्र कुणी परत करत नाही. आठवड्यातला वेगाचा सराव सिग्नलच्या रस्त्यावर ठेवूच नका. त्यासाठी मैदान बघा. आमच्याकडे शिवाजी पार्कचा कट्टा आहे, एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी. कंटाळा येतो, पण दिवा लागत नाही.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. हळूहळू ४ किलोमीटर पळतो. दोनदा असं झालं की चौकात थांबलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पळत असताना काही होत नाही. हे काय असावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा, आणि सांगून होईपर्यंत पळणं बंद, चालणं चालू. गोळी कोणती आणि कितीच्या वेळेला घेता, हेही त्यांना सांगा. हे मी हात झटकायला म्हणत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हाच त्रास वाढतो आणि मात्रा बदलणं माझं काम नाही.

होतं काय, ते मात्र समजून घ्या. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायला हृदय एकटं पुरत नाही. पोटरीचे स्नायू दर पावलाला शिरा पिळतात, आणि शिरांमधल्या झडपा ते रक्त खाली पडू देत नाहीत. विहिरीवरच्या हातपंपासारखं आहे, दांडा हलतोय तोवर पाणी येतं. पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या चांगल्या रुंद झालेल्या असतात. अशात तुम्ही एकदम खिळून उभे राहिलात की पंप बंद, रक्त पायांत साठतं, रक्तदाब उतरतो आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. तीच अंधारी. उन्हात, पाणी कमी प्यायलेलं असताना ती लवकर येते.

म्हणून सिग्नल लांबून दिसला की आधीच चालायला लागा, आणि उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहा. नाडी बांधायला झटकन वाकू नका. वाकून पटकन उठलं की तीच गत. अंधारी आलीच तर खांबाला धरून तोल सावरत बसू नका, सरळ फुटपाथवर बसा. कपडे मळले तर मळले. आणि छातीत दुखलं, धडधड बेताल झाली किंवा पळता पळताच अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : पहाटे साडेपाचला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तरी लाल दिव्याला थांबायचं? बायको म्हणते थांब. मला हास्यास्पद वाटतं.
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : त्या वेळी कित्येक सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात. त्याचा अर्थ 'बघून जा' असा आहे, 'जा' असा नाही. पण दिवा लाल असेल तर थांबा. रिकाम्या रस्त्यावरची गाडी भरल्या रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी वेगानं येते, कारण तिच्या चालकालाही चिटपाखरू दिसत नसतं. पायी माणसाची हिरवी आकृती लुकलुकायला लागली की नव्यानं पाऊल टाकायचं नाही, रस्त्यात असलेल्यांनी पार व्हायचं. आमच्या दादरला २०२० पासून काही सिग्नलवर पुरुषाऐवजी फ्रॉक घातलेल्या बाईची आकृती आहे. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण तिचंही कुणी ऐकत नाही.

मीही ऐकलं नव्हतं. फ्रॉकवाली येण्याच्या आधीची गोष्ट. अशीच पहाट, कानात गाणी, पायांना लय सापडलेली. ती मोडायची नाही म्हणून कडेला उड्या मारत होते. रस्ता मोकळा दिसला, आणि दिवा बदलायच्या चार सेकंद आधी निघाले. दुधाचे क्रेट लावलेली स्कूटर डावीकडून आली. लागलं फार नाही, कोपर सोललं. टोपी उडून दुभाजकापाशी पडली. दोन पिशव्या फुटल्या आणि झेब्रा क्रॉसिंगवरून दूध वाहायला लागलं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. तोवर तो पोरगा स्कूटर स्टँडवर लावून टोपी उचलून घेऊन आला, झटकून माझ्या हातात दिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, हिरवा माझा होता."

दुधाचे पैसे मी दिले. तो घेत नव्हता.