रामटेकला जाताना पुढे पळू नको

राजा,

तुझा मेसेज वाचला. आपल्या सायकल ग्रुपचा स्पीड ताशी पंधराच्या वर जात नाही, तू आरामात पंचवीसनं मारतोस, मग रामटेकच्या अलीकडे मनसरला पुढे जाऊन थांबलो तर काय बिघडलं म्हणतोस. बिघडतं रे. मागच्याला टाकून पुढे जायचं नाही. एकट्यानं पळवायची तर हे नागपूर ते रामटेक पन्नासेक किलोमीटर कुठल्याही रविवारी मार, पण कार्तिक पौर्णिमेला सगळ्यांसोबत गडावर निघालोय ना आपण?

कामठीपर्यंत सगळे सोबत असतात, गप्पा चालतात. कन्हानचा पूल गेला की माणसं सुटायला लागतात, ऊन चढतं, बाजूनं जबलपूरकडचे ट्रक जातात आणि शेवटच्याला वाटतं आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय, म्हणून तो पाणी प्यायलाही थांबत नाही. मी त्याच्या मागे असतो म्हणून मला दिसतं, खांदे आखडलेले, जड गिअर गुडघ्यानं ढकलतोय. 'गिअर हलका कर भाऊ' एवढं म्हणायला कोणी तरी पाहिजे की नाही?

आणि गडाच्या पायथ्याशी अंबाळ्याला सायकली लावून पायऱ्या सुरू झाल्या की मागे पडणारा तूही असू शकतोस, हे डोक्यात ठेव. सायकलवरून उतरून तडक चढलं तर मांडीत गोळे येतात, भल्याभल्या पोट्ट्यांना येतात. आधी थोडं सपाटीवर चाल, मीठ-साखरेचं पाणी पी. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट नको, दगडावर सरकतात. वानरांसमोर पिशवी उघडू नको.

एका ग्रुपनं मला बोलावणंच बंद केलं, काकांमुळे उशीर होतो म्हणे. होऊ दे उशीर! त्याच ग्रुपातला एक जण मागे पडला, कन्हानहून एकटाच परत फिरला आणि पुढे सायकलच विकून टाकली त्यानं. मी त्या दिवशी सोबत नव्हतो, ते अजून मनातून जात नाही. म्हणून हट्टी म्हणोत, मी बदलणार नाही. मागच्याला टाकून जायचं नाही म्हणजे नाही, स्पीड नोंदवणाऱ्या त्या स्ट्राव्हा ॲपवर काय दिसेल ते सोड बरं आता.

ग्रुपवर आजच टाक की यावेळी स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा, तू आहेस. पंप, पंक्चर किट, टायर लिव्हर घे, आणि कोणाच्या टायरचा साइज काय ते आधी विचार, रोडबाईकची ट्यूब हायब्रिडला बसत नाही. पहाटे पाचला इंदोरा चौकात ये, मागचा लाल लाईट चार्ज करून.